चौदावी पाटी

माझ्या दुकानात काउंटरच्या डाव्या हाताला रेडिओ आहे आणि तो सकाळी सहापासून चालू असतो. गाण्यांचा नव्हे, रस्त्याचा. बिनारा ते आमचं येलगन हा एकशे अठरा किलोमीटरचा कच्चा रस्ता जेमतेम एका गाडीपुरता आहे. समोरून मेंढ्यांनी भरलेला तीन डब्यांचा ट्रक येत असेल तर ते आधी कळावं लागतं. म्हणून प्रत्येक जण ठरलेल्या जागी आला की बटण दाबून आपलं नाव, जागा आणि दिशा सांगतो. जो कोणी ऐकेल त्याने ‘ऐकू आलं’ म्हणायचं. आमच्याकडे माणसं वर्षानुवर्षं सख्ख्या भावाशी बोलत नाहीत, पण रेडिओला उत्तर देतात.

मी मात्र अकरा वर्षांत उत्तर दिलेलं नव्हतं. त्याचं कारण एकदाच सांगते आणि पुढे जाते. माझा मुलगा ग्लेन ट्रक चालवायचा. अकरा वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, येलगनपासून सव्वीस किलोमीटरवर जिथे रस्ता फुटून एक वाट कोरड्या तळ्याकडे जाते, तिथून त्याने रेडिओवर कळवलं. मी ऐकलं. पण त्या वेळी दुकानासमोर प्रवाशांची बस थांबली होती, बावीस माणसं चहा आणि सँडविचसाठी काउंटरवर झुंबड करून होती, आणि मी म्हटलं, देईन उत्तर दोन मिनिटांनी. दोन मिनिटांनी तळ्याकडून शेतांना कुंपणं घालणाऱ्या माणसाची गाडी आली, तिला चुकवताना ट्रक उलटला आणि ग्लेन गेला. मी उत्तर दिलं असतं तरी काही फरक पडला नसता असं सगळे म्हणाले. पोलीसही तेच म्हणाले. पटलेलं काही नाही. तेव्हापासून मी माइक हातात घेतला नाही आणि त्या रस्त्याने गेलेही नाही. बिनाराला जायचं तर डांबरी हमरस्त्याने, साठ किलोमीटरचा वळसा घालून.

आता मुद्द्याची गोष्ट. यंदा जूनमध्ये कौन्सिलचं पत्र आलं. निसर्गरम्य मोटारवाटांचा नवा नकाशा निघणार होता. गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढत हिंडणारी जी हजारो माणसं जून ते ऑगस्टच्या हिवाळ्यात इकडे येतात, ती या नकाशावरून चालतात. नकाशावर जो रस्ता येईल त्याची डागडुजी कौन्सिल करणार, जो येणार नाही त्याची करणार नाही. आमच्या रस्त्याचं नाव यादीत होतं, पण पुढे प्रश्नचिन्ह होतं.

त्या प्रश्नचिन्हाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डागडुजी थांबली की दोन उन्हाळ्यांत तो रस्ता वाळूखाली जाणार. मग येलगन म्हणजे हमरस्त्याच्या टोकाला लोंबकळणारी एकोणीस माणसं, एक पेट्रोल पंप आणि एक म्हातारी. आणि काय कमी आहे हो आमच्या रस्त्याला? लाल माती आहे, नदीच्या कोरड्या पात्रात दोनशे वर्षांची निलगिरीची झाडं आहेत, संध्याकाळी गुलाबी काकाकुव्यांचे थवे उतरतात, एमू पक्षी गाडीबरोबर शर्यत लावतात. हमरस्त्यावर काय आहे? पांढरी रेघ.

मी कौन्सिलला उत्तर लिहिलं. पाहणीला माणूस पाठवा, म्हटलं, वाटेची माहिती मी लिहून देते. आणि एका बैठकीत लिहूनही काढली. तो रस्ता मला डोळे मिटून सांगता येत होता.

लिहिलेला कागद ऑसीला दाखवला. ऑसी पिकर्ड माझा शेजारी, वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं त्याने हाच रस्ता ग्रेडरने खरवडून सपाट केला. त्याच्याइतका हा रस्ता कुणालाच ठाऊक नाही. त्याने चष्मा लावून कागद वाचला, परत पहिल्यापासून वाचला, चष्मा काढला आणि अक्षर छान आहे म्हणाला. त्याला चहा हवा होता असं मी धरून चालले.

पाहणीला किर्स्टन नावाची मुलगी आली. आली म्हणजे, यायची होती. मंगळवारी सकाळी आठला बिनाराहून निघून दुपारी बारापर्यंत माझ्या दुकानात पोहोचायची होती. मी लॅमिंग्टन केले होते, कोकोत आणि खोबऱ्यात घोळवलेले, चौकोनी. नवा टेबलक्लॉथ घातला होता. बारा वाजले. एक वाजला. केकवर माश्या बसू नयेत म्हणून जाळी घातली. दोन वाजता माझ्याबरोबर वाट बघत बसलेला ऑसी उठला आणि त्याची पिकअप घेऊन रस्त्याला लागला.

मी रेडिओजवळ बसून राहिले. तिच्या गाडीत रेडिओ नव्हता, आणि मोबाइल बिनाराच्या वेशीबाहेर घड्याळापुरताच उपयोगी. तीनच्या सुमारास बिनाराहून येणाऱ्या एका ट्रकवाल्याचा आवाज आला. त्याला वाटेत एकही गाडी भेटली नव्हती.

मग रेडिओवर ऑसी बोलला. “म्हणजे ती ग्लेनच्या फाट्याला चुकली. तळ्याकडे गेली असणार.”

रेडिओवर एकदम सगळं गप्प झालं. ट्रकवाला बोलेना, ऑसी बोलेना. एरवी मध्येच नाक खुपसणारे दहा जण असतात, त्यांतलंही कुणी बोलेना. मग ऑसीने माझं नाव घेतलं, अगदी हळू. “वर्ना, ऐकत असशील तर... जाऊ दे. शोधतो तिला.”

ग्लेनचा फाटा. मी ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. आणि बाकीचे ते रोज वापरत होते, हे त्या शांततेवरूनच कळत होतं.

बसल्याजागी मला आणखी एक गोष्ट कळली. अकरा वर्षं मी हा रेडिओ ऐकतेय. माणसं डूलनच्या टाकीवरून कळवतात, आणि त्यानंतर एकदम मिसेस प्राइसच्या लिंबावरून. मधले तीस किलोमीटर कुणी तोंड उघडत नाही. तिथे सांगण्यासारखं काही नाही म्हणून गप्प असतात, असं मी समजत होते. वास्तविक सगळ्या रस्त्यावर आधी कळवायलाच हवं अशी जागा तीच. माझ्या दुकानात रेडिओ चालू असतो म्हणून ही माणसं तिथून जीव मुठीत धरून मुकाट जात होती. माझ्यासाठी. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा ते ठरवायला वेळ लागला.

साडेचारला ऑसी तिला घेऊन आला. ती तळ्याकाठी गाडीच्या टपावर बसून होती म्हणे. गाडी चाकांच्या निम्म्यापर्यंत पांढऱ्या मातीत रुतलेली, ती ऑसीने दोर लावून ओढून काढली. तीस-एक वर्षांची पोरगी, उन्हाने नाक लाल झालेलं, पण धीराची. ती आधी दोन ग्लास पाणी प्यायली, मग तिने एक लॅमिंग्टन खाल्ला आणि माझा कागद टेबलावर पसरला.

“मिसेस क्विल्टी, रागावू नका,” ती म्हणाली. “तुम्ही लिहिलंय, शाळेशी डावीकडे वळा. मी अर्धा तास शाळा शोधली.”

“शाळा तिथे नाहीये आता,” मी म्हटलं. “चौऱ्याहत्तर सालीच गेली.”

“मग डूलनची टाकी?”

“वादळात उडाली.”

“आणि हे लिंबाचं झाड?”

“वाळलं. मिसेस प्राइस गेल्या त्याच वर्षी.”

तिने कागदावर तिन्ही ठिकाणी फुल्या मारल्या. ऑसी खिडकीकडे तोंड करून खांदे हलवत होता. मी त्याला म्हटलं, हसायचं असेल तर बाहेर जाऊन हस. आम्ही लोक अशाच खुणा सांगतो, त्यात काय हसायचं? जे उभं आहे ते सगळीकडे सारखंच आहे. झुडुपं, माती, आभाळ. जे गेलं तेच लक्षात राहतं.

“तरी तुमच्या तेरा जागांपैकी वाटेत लागल्या तेवढ्या मी कशाबशा ओळखल्या,” किर्स्टन म्हणाली. “चौथरा दिसला, वाकडा पाइप दिसला. पण जिथे रस्ता सरळ दोन झाला, त्याबद्दल तुमच्या कागदात एक अक्षर नाही. डावीकडची वाट जास्त रुंद होती, मी ती घेतली. माझ्या जागी कॅरॅव्हॅनवालं म्हातारं जोडपं असतं तर? पाणी संपलेलं असतं तर? असा रस्ता मी नकाशावर घालू शकत नाही.”

मी कागद ओढून घेऊन पुन्हा वाचला. तिचं खरं होतं. माझ्या हाताने मी सगळा रस्ता लिहिला होता आणि फक्त तेवढाच सोडला होता. मुद्दाम नव्हे. लेखणी त्या जागेवरून आपोआप पुढे सरकली होती, मी साठ किलोमीटरचा वळसा घालते तशीच.

ती निघताना मी तिला विचारलं, नकाशा छापायला कधी जातो? अकरा दिवसांनी, ती म्हणाली. मी म्हटलं, मग दहाव्या दिवशी परत ये. ती म्हणाली, दहा दिवसांत काय बदलणार? मी म्हटलं, ते मी बघते, तू फक्त रेडिओ असलेली गाडी आण. तिने जरा विचार केला आणि येते म्हणाली. बहुतेक माझं तोंड बघून नाही म्हणायचा धीर झाला नसावा.

ती गेल्यावर मी ऑसीला उभं केलं.

“कागद वाचलास तेव्हा तुला दिसलं होतं?”

“दिसलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“अकरा वर्षं कुणी बोललं नाही, वर्ना. मीच पहिला का होऊ?”

“एक पोरगी मेली असती, ऑसी.”

“माहितेय,” तो म्हणाला, आणि खुर्चीत बसला. ग्लेनला त्या ट्रकमधून बाहेर काढणारा ऑसीच होता. त्याच्यावर आणखी ओरडायचं माझ्या जिवावर आलं. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, उद्या सकाळी सात वाजता ये, पत्रे कापायची कात्री घेऊन.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. माझ्या परसातल्या फुटक्या टाकीचे पत्रे ऑसीने कापले, ठोकून सरळ केले. मी पांढऱ्या रंगाने अक्षरं काढली. पहिल्या पाटीवर लिहिलं: ‘इथे शाळा होती. मुलं बत्तीस, बाई एक. १९७४ साली ट्रकवर चढवून बिनाराला नेली. शाळा नेली, बाई आधीच पळून गेल्या होत्या. डावीकडे वळा.’ ऑसी म्हणाला, कौन्सिलला चालेल का हे? मी म्हटलं, खरं आहे ते चालायला हवं. दुसरी पाटी टाकीची. तिसरी जुन्या विहिरीची, जिथे पूर्वी उंटांवरून माल नेणारे अफगाण आपले तांडे थांबवायचे. मग मेंढ्यांची लोकर कातरायची जळालेली शेड, उचलून नेलेलं चर्च, पुरात गेलेला पूल. मिसेस प्राइसच्या झाडासाठी मी लिहिलं की या लिंबाचा मुरंबा ज्याने खाल्ला तो दुसरा खाऊ शकला नाही. गावातली माणसं येऊन उभी राहायची, तपशिलांवरून भांडायची. शाळेत बत्तीस मुलं होती की चौतीस यावरून दोन बहिणींनी एकमेकींशी बोलणं टाकलं.

पाच दिवसांत तेरा पाट्या झाल्या आणि पुढच्या दोन दिवसांत ऑसीने गावातल्या लोकांना घेऊन त्या रोवल्या. मी गेले नाही. दुकान सोडता येत नाही, म्हटलं. कुणी वाद घातला नाही. माझ्याशी वाद न घालण्यात गाव तरबेज झालं होतं.

आठव्या दिवशी परसात एकच पत्रा उरला होता. कापलेला, सरळ केलेला, कोरा. ऑसीने तो भिंतीला टेकवून ठेवला होता आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हता. मी दिवसभर त्याच्या आजूबाजूने कपडे वाळत घातले. लिही म्हणाला असता तर भांडले असते. नको म्हणाला असता तरीही भांडलेच असते.

नवव्या दिवशी सकाळी मी दुकानाला कुलूप लावलं. पत्रा, रंगाचा डबा, ब्रश, दोन लोखंडी खांब आणि पहार गाडीत टाकली. ऑसी त्याच्या दारात दात घासत होता.

“बस गाडीत,” मी म्हटलं.

“कुठे?”

“तुला माहितेय कुठे.”

सव्वीस किलोमीटरला एरवी पंचवीस मिनिटं लागतात. मला पन्नास लागली. दोनदा थांबले. एकदा खरंच परत फिरावंसं वाटलं, आणि ऑसी म्हणाला, परत फिरायला इथे जागा नाही, पुढे जावं लागेल. खोटं बोलत होता. जागा भरपूर होती.

फाटा आला तेव्हा मी ओळखलाच नाही. माझ्या डोक्यात तो अरुंद होता, दोन्ही बाजूंनी झुडपं दाटलेली, समोरचं काही न दिसणारा. इथे तर रस्ता अंगणासारखा रुंद होता. झुडपं पन्नास पावलं मागे सारलेली. तळ्याकडून येणारी वाट दूरवर दिसत होती. कडेला एक टायर अर्धा जमिनीत पुरलेला होता, पांढरा रंगवलेला, आणि रंग ताजा होता.

“हे कुणी केलं?” मी विचारलं.

“टायर ट्रकवाले रंगवतात. दर मार्चला.”

“आणि रस्ता?”

ऑसी टोपी हातात घेऊन फिरवत राहिला. “मी. त्या वर्षीच. तीन शनिवार-रविवार लागले. कौन्सिलला विचारलं नव्हतं, म्हणून फारसं बोललो नाही.”

“मला सांगायचं होतंस.”

“तू या बाजूला येत नव्हतीस, बाई. घरी येऊन काय सांगू? तुझ्या पोराचा कोपरा रुंद केला म्हणून?”

मग मात्र मी रडले. उभ्या उभ्या, मोठ्याने, लाज न बाळगता. तिथे ऐकायला ऑसी होता आणि एक कावळा. रडून झाल्यावर नाक पुसलं आणि पहार काढली. ऑसीच्या खुब्याला दुखणं आहे, त्यामुळे खड्डे मीच घेतले. जमीन विटेसारखी कडक. एकाहत्तर वर्षांच्या बाईने करायचं ते काम नव्हे असं तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याला गाडीत बसायला सांगितलं. दुपारपर्यंत दोन्ही खांब उभे राहिले.

पत्रा गाडीच्या टपावर आडवा ठेवून मी ब्रश हातात घेतला. बाकीच्या तेरा पाट्यांवर मी विनोद केले होते. इथे काय लिहायचं ते आठ दिवस सुचलं नव्हतं, आणि तिथे उभी राहिल्यावर एका मिनिटात सुचलं: ‘ग्लेनचा फाटा. येलगनला उजवीकडे. इथून रेडिओवर कळवा.’

ऑसीने वाचलं. “शेवटची ओळ नीट विचार करून लिहिलीस ना? आता कुणी गप्प जाणार नाही. दिवसातून चारदा, दहादा, तुझ्या काउंटरवर त्याचं नाव ऐकू येणार. परके लोक घेणार. झेपेल?”

“नाही झेपलं तरी ऐकीन,” मी म्हटलं. “स्क्रू दे.”

दहाव्या दिवशी किर्स्टन आली. या वेळी मी लॅमिंग्टन केले नाहीत. आधी ती पोहोचू दे, म्हटलं, खोबरं वाया घालवायचं नव्हतं. ऑसी सकाळपासून काउंटरच्या पलीकडे स्टुलावर बसून होता. नऊला तिचा आवाज आला. शाळेवरून बोलतेय, म्हणाली, आणि हसू दाबत होती हे कळत होतं. ऑसीने माइक घेऊन ऐकू आलं म्हटलं. मग विहिरीवरून. मग पुलावरून. प्रत्येक वेळी ऑसी उत्तर देत होता. पावणेअकराला ती डूलनच्या टाकीवर पोहोचली.

वीस मिनिटं गेली. दुकानात गिऱ्हाईक आलं, हमरस्त्याने आलेलं एक जोडपं. चहा आहे का, बाईने विचारलं. मी किटलीला हात लावला तेवढ्यात रेडिओ खरखरला.

“किर्स्टन बोलतेय. पांढरी गाडी, येलगनकडे.” ती पाटी नीट वाचत असावी, एकेक शब्द सावकाश येत होता. “ग्लेनच्या फाट्यावर आहे.”

ऑसीने माइककडे बघितलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तसाच बसून राहिला. रेडिओवर दुसरंही कुणी बोलेना. सगळा रस्ता थांबला होता, आणि मला माहीत होतं की सगळे कशासाठी थांबलेत.

“पाणी तापलंय का?” ती बाई पुन्हा म्हणाली.

“एक मिनिट थांबा,” मी तिला म्हटलं, आणि किटली खाली ठेवली. माइक माझ्या आठवणीपेक्षा हलका होता. बटण दाबलं. “ऐकू आलं, किर्स्टन. येलगनहून वर्ना बोलतेय. उजवीकडे वळ. रस्ता मोकळा आहे.”

ऑगस्टमध्ये नकाशा आला. आमचा रस्ता त्यावर ठळक तपकिरी रेघेने काढलाय, चौदा खुणांसकट. सप्टेंबरमध्ये ग्रेडरही येऊन गेला. आता दिवसाला सहा-सात कॅरॅव्हॅन येतात. कुणी ग्लेनचं नाव नीट घेतात, कुणी पुटपुटतात, एका जर्मन जोडप्याने तर तीनदा सांगितलं, ऐकू आलं नसेल या भीतीने. मी प्रत्येकाला उत्तर देते. काउंटरवर कितीही गर्दी असो, आधी त्यांना. गिऱ्हाईक थांबतं.